कुस्तीचा व्हिडिओ नेमका थांबवायचा कसा: आपला प्लेअर आपणच लिहिताना

माझे थोरले चुलते कोल्हापुरात तालमीत वस्ताद आहेत. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. पोरांच्या लढती ते फोनवर घेऊन ठेवतात आणि संध्याकाळची मेहनत उरकली की कट्ट्यावर लॅपटॉप मांडून दाखवतात. "हितं बघ. पट काढताना डोकं कुठं हाय तुझं?" एवढंच सांगायचं असतं, पण त्यासाठी तो क्षण पडद्यावर थांबायला हवा. चपळ पैलवानाला एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, काढायला अर्धा सेकंद पुरतो. आबा स्लायडर ओढायचे आणि लढत पाच सेकंद पुढं जायची. परत ओढायचे तर सात सेकंद मागं. तोवर समोर बसलेली पोरं एकेक करून उठायला लागायची.

एका रविवारी मला म्हणाले, "पोरी, तू कंप्युटरचंच काम करतीस न्हवं? मला असं एक करून दे, मी म्हणीन तितं थांबंल."

मी दिवसभर डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिते, पण ते बिलांचं आणि गोदामातल्या मालाचं. व्हिडिओला कधी हात लावला नव्हता. पुढचे कित्येक रविवार घालून तो प्लेअर उभा केला. चित्र पडद्यावर दिसायला एक सकाळ लागली. बाकीचा सगळा वेळ बटणं आणि स्लायडर हाताच्या कह्यात आणण्यात गेला. म्हणून हे लिखाणही बहुतेक त्याबद्दलच आहे.

हत्यारं सांगते. भाषा पायथन, खिडक्या आणि बटणांसाठी क्यूटी, आणि दोघांना जोडणारं पाय-साइड ६. क्यूटीच्या सहाव्या पिढीत व्हिडिओचा विभाग २०२१ मध्ये ६.२ या आवृत्तीत नव्या रूपात परत आला, आणि ६.५ पासून त्याच्या पोटात मुळातच एफएफएमपेग, म्हणजे व्हिडिओ-आवाजाच्या फाइली उलगडणारं आणि बदलणारं मोफत सॉफ्टवेअर, चालतं. त्याआधी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमचं स्वतःचं यंत्र वापरलं जायचं, त्यामुळे विंडोजवर उघडणारी फाइल लिनक्सवर हटून बसायची. तेव्हा ६.५ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. क्लास आणि फंक्शनांची नावं मी देवनागरीत, मध्ये रेघ देऊन लिहिते आहे. प्रत्यक्ष लिहिताना ती रोमनमध्ये, सलग आणि दुसऱ्या शब्दापासून पहिलं अक्षर कॅपिटल अशी लिहायची, क्लासच्या नावात पहिल्या शब्दाचंही.

हुकूम आणि वर्दी

पहिली ओळ लिहिण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. बटण दाबणं हा हुकूम आहे. प्लेअरनं 'आता मी चालू आहे', 'आता मी १२ व्या सेकंदावर आहे' असं कळवणं ही वर्दी आहे. हुकूम आणि वर्दी यांच्यात वेळ जातो. कधी २० मिलिसेकंद, कधी पाव सेकंद, आणि जुन्या लॅपटॉपवर त्याहून जास्त. हुकूम दिला म्हणजे काम झालं असं धरून लिहिलेला प्लेअर चार मिनिटांत खोटं बोलायला लागतो: बटणावर पॉजचं चिन्ह आणि चित्र मात्र थांबलेलं. मला आलेली जवळजवळ प्रत्येक अडचण शेवटी या दोघांची गल्लत निघाली.

उभारणी अशी. क्यू-मीडिया-प्लेअर ही मुख्य वस्तू. तिला आवाजासाठी क्यू-ऑडिओ-आउटपुट आणि चित्रासाठी क्यू-व्हिडिओ-विजेट जोडायचं. पाचव्या पिढीत आवाज आपोआप यायचा. सहाव्यात ऑडिओ-आउटपुट स्वतः जोडलं नाही तर मूकपट चालतो. पायथनमध्ये आणखी एक खाच आहे. ही वस्तू फंक्शनच्या आत तात्पुरत्या नावानं बनवली, तर फंक्शन संपताच पायथन ती केरात काढतं आणि आवाज गायब होतो. खिडकीच्या क्लासमध्ये सेल्फला बांधून ठेवा.

मग सेट-सोर्स करून फाइल द्या. हे फंक्शन लगेच परत येतं, पण फाइल अजून उघडलेली नसते. पुढच्याच ओळीत लांबी विचारली तर शून्य मिळेल आणि स्लायडरची मर्यादा ० ते ० होऊन बसेल. लांबीसाठी ड्युरेशन-चेंज्ड या सिग्नलची (क्यूटीत वर्दी येते ती अशा सिग्नलनं) वाट बघा आणि स्लायडरची मर्यादा तिथंच ठरवा. तोपर्यंत स्लायडर आणि बटणं बंद ठेवलेली बरी. फाइल उघडलीच नाही तर एरर-ऑकर्ड हा सिग्नल येतो. तो पकडून खिडकीतच साध्या मराठीत वाक्य दाखवा. "ही फाइल उघडत नाही, दुसरी निवडा" एवढं पुरे. आबांना इंग्रजी चौकट दिसली की ते लॅपटॉप मिटून ठेवतात आणि मग आठवडाभर उघडत नाहीत.

प्ले बटण

बटण दाबल्यावर करायचं एकच: प्लेअर चालू असेल तर पॉज म्हणायचं, नसेल तर प्ले. चिन्ह मात्र तिथं बदलायचं नाही. चिन्ह बदलायचं ते प्लेबॅक-स्टेट-चेंज्ड या सिग्नलवर. वर्दी आली, चिन्ह बदललं. असं केलं की व्हिडिओ संपून आपोआप थांबो, कळ दाबून थांबो की फाइल बिघडून थांबो, बटण कायम खरं तेच दाखवतं.

स्पेसची कळ सगळ्यांच्या बोटात बसलेली असते, ती द्यायलाच हवी. मी आधी ती खिडकीच्या की-प्रेस-इव्हेंटमध्ये पकडली होती. घरी नीट चालली. तालमीत आबांनी माउसनं 'हळू' हे बटण दाबलं, मग स्पेस दाबली, आणि थांबायच्या ऐवजी 'हळू' परत निघून गेलं. कारण असं: ज्या बटणावर शेवटचं क्लिक झालं त्याच्याकडे फोकस राहतो, आणि फोकस असलेलं बटण स्पेस स्वतःसाठी घेतं. खिडकीपर्यंत ती पोचतच नाही. यावर दोन्ही गोष्टी करा. सगळ्या बटणांचं फोकस-धोरण टॅब-फोकस ठेवा, म्हणजे क्लिकनं फोकस जाणार नाही, पण ज्यांना कळफलकावरूनच चालवायचं आहे त्यांना टॅबनं पोचता येईल. आणि स्पेस की-प्रेसमध्ये न पकडता क्यू-शॉर्टकटनं बांधा.

कळा निवडताना आणखी एक. संकलनाच्या टेबलांवरून आलेली जे, के, एल ही त्रिकूट पद्धत जगभर चालते: जे मागं, के थांब, एल पुढं. मी ती काढून टाकली. तालमीतल्या लॅपटॉपवर मराठी टंकलेखनाची मांडणी बहुतेक वेळा चालूच असते, आणि तेव्हा अक्षराच्या कळेवर भरवसा ठेवता येत नाही. बाण, स्पेस, होम, एंड या कळा मांडणी कोणतीही असो, बदलत नाहीत. आपल्याकडच्या माणसांसाठी लिहिताय तर याच वापरा. बटणंही मोठी ठेवा. आबांच्या बोटांना आखाड्याची माती असते, तेल-हळदीनं मळलेली. टचपॅडवर ते बोट नेमकं टेकत नाही.

स्लायडर

इथं थोडा वेळ थांबू, कारण प्लेअर चांगला की वाईट हे स्लायडरवरच ठरतं.

सगळ्यांची पहिली चूक एकच असते. पोझिशन-चेंज्ड आला की स्लायडरला सेट-व्हॅल्यू करायचं, आणि स्लायडरचा व्हॅल्यू-चेंज्ड आला की प्लेअरला सेट-पोझिशन करायचं. कागदावर छान दिसतं. चालवलं की व्हिडिओ अडखळत अडखळत चालतो. प्लेअर म्हणतो मी ५००० मिलिसेकंदांवर आहे, त्यानं स्लायडर हलतो, स्लायडर हलला म्हणून प्लेअरला हुकूम जातो की ५००० वर जा, तोवर तो ५०४० वर पोचलेला असतो, बिचारा मागं येतो, परत वर्दी देतो. वर्दीच हुकूम होऊन बसते. म्हणून व्हॅल्यू-चेंज्ड वापरूच नका. स्लायडर-मूव्हड हा सिग्नल माणसानं गोळा धरून ओढला तरच येतो. हुकूम तिथून घ्या.

दुसरं: गोळा बोटाखाली असताना वर्द्या येतच असतात, आणि त्या गोळ्याला बोटाखालून ओढून नेतात. स्लायडर खाली दाबलेला आहे का हे इज-स्लायडर-डाउन सांगतं. दाबलेला असेल तर वर्दी स्लायडरला लावू नका. फक्त वेळेचे आकडे बदला, तेही बोट जिथं आहे तिथले.

तिसरं: ओढताना सेकंदाला पन्नास-साठ वेळा स्लायडर-मूव्हड येऊ शकतो. प्रत्येकाला सेट-पोझिशन केलंत तर एकेक जागा शोधण्यात प्लेअर दमून जातो, आणि तुम्ही हात सोडल्यावरही चित्र मागच्या जागा दाखवत फिरत राहतं. त्यामुळे बोटाची ताजी जागा एका चलात ठेवायची आणि ८० मिलिसेकंदांच्या टायमरनं बघायचं की ती बदलली आहे का. बदलली असेल तेवढीच एक पाठवायची, मधल्या सगळ्या सोडून द्यायच्या. हात थांबेपर्यंत काहीच न पाठवण्याची पद्धतही आहे, पण त्यात ओढताना चित्र गोठलेलं राहतं. डाव कुठं आहे हे शोधणाऱ्याला चित्र हलताना दिसायला हवं. गोळा धरला की पॉज करा, आधी चालू होतं का हे लक्षात ठेवा, आणि सोडल्यावर आधी चालू असेल तरच परत प्ले करा.

चौथी गोष्ट समजायला मला दोन रविवार लागले. गोळा सोडला की तो क्षणभर जुन्या जागी उडी मारायचा आणि मग नव्या जागी यायचा. चित्र बरोबर जागी जायचं, पण ती उडी बघून आबा म्हणायचे, "न्हाई गेलं बघ," आणि परत ओढायचे. व्हायचं असं: सेट-पोझिशनचा हुकूम गेला, पण त्याआधी निघालेली जुन्या जागेची वर्दी अजून वाटेत होती. गोळा सुटलेला, त्यामुळे ती वर्दी आता स्लायडरला लागायची.

यावर माझा उपाय असा की प्लेअरला जागा बदलायला सांगणारं फंक्शन सगळ्या प्रोग्रामात एकच ठेवायचं. मी त्याचं नाव 'जा' ठेवलं. गोळा, बाणाच्या कळा, फ्रेमची (म्हणजे व्हिडिओतल्या एकेका चित्रानं पुढं-मागं नेणारी) बटणं, सगळे 'जा' मधूनच जातात. 'जा' काय करतं? मागितलेली वेळ शून्य आणि लांबी यांच्यामध्ये बसवतं, ती 'लक्ष्य' या चलात ठेवतं, हुकूम दिल्याची वेळ टिपतं, स्लायडर लगेच तिथं नेतं आणि टायमरकडून हुकूम पाठवतं. वर्दी आली की आधी बघायचं, लक्ष्य शिल्लक आहे का? असेल, आणि वर्दीतली जागा लक्ष्यापासून पाव सेकंदाहून लांब असेल, तर ती वर्दी जुनी समजून सोडून द्यायची. जवळ आली की लक्ष्य पुसायचं आणि नेहमीचा कारभार चालू. मात्र एक सेकंद उलटूनही जवळची वर्दी आली नाही तर लक्ष्य तसंही पुसा. फाइल बिघडलेली असेल तर प्लेअर लक्ष्यापर्यंत कधीच पोचणार नाही आणि तुमचा स्लायडर कायमचा मुका होईल.

याच चलानं बाणांचाही प्रश्न सुटला. उजव्या बाणाला ५ सेकंद पुढं असं ठेवलं होतं. आबांनी तीनदा पटापट दाबला की १५ सेकंद जायला हवं, पण कधी ५ जायचं, कधी १०. पहिल्या दाबाची वर्दी येण्याआधी दुसरा दाब यायचा, आणि 'आत्ताची जागा अधिक पाच' हा हिशोब जुन्याच जागेवरून व्हायचा. आता लक्ष्य शिल्लक असेल तर हिशोब लक्ष्यावरून, नसेल तर प्लेअरच्या जागेवरून. बाण दाबून धरला तरी चुकत नाही.

स्लायडरच्या पट्टीवर मधेच क्लिक केलं तर क्यूटीचा स्लायडर तिथं जात नाही, एक टप्पा पुढं सरकतो. पान उलटायला ते ठीक आहे, व्हिडिओला अजिबात नाही. क्यू-प्रॉक्सी-स्टाइल वारशानं घ्या, स्टाइल-हिंट हे फंक्शन आपलं लिहा आणि स्लायडर-ॲब्सोल्यूट-सेट-बटन्स या प्रश्नाला 'डावं बटण' असं उत्तर द्या. मग क्लिक होताच गोळा तिथं येतो, आणि तसाच ओढताही येतो. माउसची जागा मोजून हिशोब करण्याचीही पद्धत आहे, पण तिथं गोळ्याची रुंदी वजा करायला विसरलं की टोकाला हमखास चुकतं.

आता हे सगळं बिनचूक केलं तरी एका मर्यादेला इलाज नाही. मैदानातला ४० मिनिटांचा व्हिडिओ आणि ८०० पिक्सेलांचा स्लायडर घ्या. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद, म्हणजे एका पिक्सेलला ३ सेकंद. अर्ध्या सेकंदाचा डाव त्या पट्टीवर बोटानं सापडणं शक्यच नाही. आबांचा हात वाईट नव्हता, पट्टीच तोकडी होती. स्लायडरनं लढतीपर्यंत पोचायचं, बाणांनी डावापर्यंत, आणि पुढचं काम फ्रेमनं.

एकेक फ्रेम

फोन साधारण सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. अर्ध्या सेकंदाच्या पटात १५ फ्रेम. त्या पंधरामध्ये डोकं आत गेलं की बाहेर राहिलं, पुढचा गुडघा मातीला लागला का, सगळं दिसतं.

क्यू-मीडिया-प्लेअरला 'पुढची फ्रेम' असा हुकूम नाही. क्यूटीऐवजी वापरता येणाऱ्या दुसऱ्या प्लेअर-यंत्रांपैकी लिबव्हीएलसीच्या ३.० मध्ये पुढच्या फ्रेमचा आहे, मागच्याचा नाही. एमपीव्हीत दोन्ही आहेत, आणि मागची फ्रेम तिथंही हळू येते. का ते समजून घ्या, कारण क्यूटीत आपल्याला हे वेळेच्या हिशोबानं स्वतः करायचं आहे.

व्हिडिओच्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, त्याला की-फ्रेम म्हणतात. बाकीच्या फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच असतं. त्यामुळे मधल्याच एका फ्रेमवर जायचं म्हणजे आधीच्या की-फ्रेमवर जाऊन तिथपासून उलगडत यावं लागतं. पुढं जाणं सोपं, पुढची फ्रेम हाताशीच असते. मागं जाताना दर वेळी की-फ्रेमपासून पुन्हा सुरुवात. व्हिडिओ दाबून लहान करणारा एक्स२६४ हा एन्कोडर काही न सांगता वापरला तर दोन की-फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० फ्रेमचं अंतर ठेवतो. दृश्य बदललं की तो मधेच नवी की-फ्रेम टाकतो, पण कुस्ती एका जागी उभं राहून सलग घेतलेली असते, दृश्य बदलतच नाही. मग अंतर पुरतं २५० वर जातं, म्हणजे आठ सेकंदांहून जास्त. एक पाऊल मागं यायला दोनशेवर फ्रेम उलगडाव्या लागतात आणि जुना लॅपटॉप धापा टाकतो.

हे कोड लिहून फारसं सुधारत नाही. फाइलच तशी तयार करून घ्यावी. एफएफएमपेगला फाइल देताना एफपीएस फिल्टर ३० वर ठेवा आणि 'जी' या पर्यायाला १० द्या. पहिल्यानं फ्रेमची चाल एकसारखी होते. दुसऱ्यानं दर दहा फ्रेमला की-फ्रेम येते, मागं यायला कमाल दहा फ्रेम उलगडाव्या लागतात. फाइल फुगते, पण आबा एका वेळी चार-पाच लढतीच दाखवतात, तेवढी जागा असते. मी प्लेअरमध्येच 'तालमीसाठी तयार कर' असं बटण दिलं आहे. दाबलं की क्यू-प्रोसेसनं एफएफएमपेग मागं चालतं आणि मूळ फाइल तशीच राहते.

एकसारख्या चालीचा मुद्दा सोडू नका. फोन उजेड कमी झाला की फ्रेम लांबवतो, त्यामुळे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची तर दुसरी ४५ ची अशी फाइल तयार होते. त्यावर ३३ मिलिसेकंदांच्या उड्या मारल्या तर कधी तीच फ्रेम दोनदा दिसते, कधी एक निसटते. संध्याकाळच्या तालमीत पिवळ्या बल्बाखाली घेतलेल्या सगळ्या फाइली अशाच असतात.

आता प्रत्यक्ष पाऊल. 'आत्ताची वेळ अधिक ३३' असं करू नका. एक फ्रेम नेमकी ३३.३३ मिलिसेकंदांची आहे आणि सेट-पोझिशन पूर्णांक घेतं, त्यामुळे तुम्ही हळूहळू दोन फ्रेमच्या सीमेवर येऊन पोचता. सीमेवर प्लेअर कधी अलीकडची फ्रेम दाखवतो, कधी पलीकडची. त्यापेक्षा फ्रेमचा क्रमांक धरा. पॉज झाल्यावर आत्ताची वेळ भागिले फ्रेमची लांबी, अपूर्णांक सोडून जो आकडा राहतो तो क्रमांक. पुढं जायचं तर त्यात एक मिळवा, मागं यायचं तर एक वजा करा. आणि जायचं ते फ्रेमच्या मध्यावर: क्रमांक अधिक अर्धा, गुणिले फ्रेमची लांबी. १०० व्या क्रमांकाची फ्रेम असेल तर १००.५ गुणिले ३३.३३, म्हणजे ३३५० मिलिसेकंद. मध्यावर उतरलं की एखाद्या मिलिसेकंदाची चूक पोटात जाते. क्रमांक आपल्याकडेच ठेवा, दर पावलाला प्लेअरला विचारून नव्यानं काढू नका. स्लायडर हलला किंवा प्ले झालं की मगच तो टाका.

मी शिफ्टसह बाण फ्रेमला दिले आणि पडद्यावर दोन रुंद बटणंही ठेवली. पहिल्याच संध्याकाळी आबांनी धोबीपछाडीचा एक तुकडा बावीस वेळा पुढं-मागं केला. खांद्यावरून माणूस उचलला जायच्या आधी हात कुठल्या फ्रेमला घट्ट झाला, ते त्यांना हवं होतं.

हळू, आणि परत परत

वेग सेट-प्लेबॅक-रेटनं बदलतो. १, ०.५, ०.२५ एवढेच तीन ठेवा. वेगाचाही स्लायडर दिला तर माणूस ०.४७ वर अडकतो आणि परत १ वर यायला झगडतो. हळू चालताना आवाज ओढून काढल्यासारखा येऊ शकतो, म्हणून १ पेक्षा कमी वेगाला आवाज बंद करा. परत येताना आवाज चालू करण्याआधी बघा की माणसानं स्वतःच तो बंद केला होता का. नवी फाइल उघडली की वेग आपण पुन्हा १ करून द्यायचा.

'इथून इथपर्यंत परत परत' ही सोय शिकवणाऱ्याला फार लागते. दोन खुणा ठेवायच्या, आरंभ आणि शेवट. उलट्या लागल्या तर अदलाबदल करायची. साधी पद्धत म्हणजे पोझिशन-चेंज्डमध्ये बघायचं, शेवट ओलांडला का. पण ती वर्दी दर फ्रेमला येत नाही. तोवर पुढच्या डावाच्या चार-पाच फ्रेम दिसून जातात आणि डोळ्याला खटकतं. व्हिडिओ-विजेटकडून त्याचं व्हिडिओ-सिंक (रोमनमध्ये sink) घ्या. त्याचा व्हिडिओ-फ्रेम-चेंज्ड हा सिग्नल दर फ्रेमला येतो आणि फ्रेमचं स्टार्ट-टाइम मायक्रोसेकंदात सांगतो. हजारानं भागा. शेवट गाठला की 'जा' ला आरंभ द्या.

इथंही तीच गोष्ट आडवी येते. हुकूम गेल्यावरही वाटेतल्या दोन-तीन जुन्या फ्रेम येतात, त्याही शेवटाच्या पुढच्या असतात, आणि प्रत्येकीपायी नवा हुकूम जातो. एक खूण ठेवा की परतीचा हुकूम गेला आहे. शेवटाच्या आतली फ्रेम आली की खूण पुसा. शिवाय हा सिग्नल दुसऱ्या धाग्यातून, म्हणजे प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या दुसऱ्या कामातून, येऊ शकतो. तो सुट्या लॅम्बडाला न जोडता खिडकीच्या मेथडला जोडा, म्हणजे क्यूटी तो रांगेत लावून मुख्य धाग्यात आणून देतं. लिबव्हीएलसी वापरणाऱ्यांनी तर याची जास्तच काळजी घ्यावी. तिथं सूचना तिच्या स्वतःच्या धाग्यातून येतात, आणि त्या सूचनेच्या आतूनच परत लिबव्हीएलसीला हुकूम दिला तर सगळं जागच्या जागी अडकून बसतं.

व्हिडिओ संपण्याचंही व्हिडिओ-फ्रेम-चेंज्डवरच भागवा. संपला की प्लेअर 'थांबला' या अवस्थेत जातो, आणि तिथून एक फ्रेम मागं यायचं म्हटलं तर वेगळा कारभार करावा लागतो. मी शेवटाच्या १५० मिलिसेकंद आधीच पॉज करते. शेवटचं चित्र पडद्यावर राहतं आणि मागं येणं नेहमीसारखंच चालतं. लढतीचा निकाल बहुतेक शेवटच्या सेकंदातच असतो.

आकडे आणि आवाज

वेळ मराठी आकड्यांत दाखवा, ०३:१७ अशी. पायथनमध्ये दहा आकड्यांचा एक तक्ता करून मजकूर ट्रान्सलेटमधून काढला की झालं. पण अनेक फाँटांत देवनागरी आकड्यांची रुंदी सारखी नसते, १ अरुंद तर ५ रुंद, त्यामुळे दर सेकंदाला शेजारचा स्लायडर थरथरतो. क्यू-फाँट-मेट्रिक्सकडून सगळ्यात रुंद मजकुराची रुंदी मोजून लेबलला तेवढी किमान रुंदी द्या. लांबी तासाच्या वर असेल तर तासाचे आकडे पहिल्यापासूनच दाखवा.

आवाज ० ते १ असा अपूर्णांकात घेतला जातो. पाचव्या पिढीत तो ० ते १०० होता, जुनं कोड उचलताना जपा. स्लायडरचा आकडा थेट दिला तर खालच्या पाव भागातच सगळा आवाज वाढतो आणि वर काही फरक जाणवत नाही. कान तसा ऐकत नाही म्हणून. क्यूटीचं कन्व्हर्ट-व्हॉल्यूम मध्ये घाला.

दुसऱ्याच्या लॅपटॉपवर देताना

पायथनसकट सगळा प्रोग्राम एका फोल्डरमध्ये बांधणाऱ्या पाय-इन्स्टॉलरनं बांधा आणि जिथं पायथन कधीच आलेलं नाही अशा लॅपटॉपवर चालवून बघा. आपल्या यंत्रावर चालतं याला काही अर्थ नाही, कारण व्हिडिओचे प्लगिन आपल्याकडे आधीच असतात आणि बांधलेल्या फोल्डरमध्ये ते राहून जाऊ शकतात. खिडकी उघडते, बटणं दिसतात आणि चित्र काळं राहतं, असं झालं तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

चाचणीसाठी मी सहा फाइली जपून ठेवल्या आहेत: तीन सेकंदांची एक, दीड तासाची एक, नुसत्या आवाजाची, फोन उभा धरून घेतलेली, पिवळ्या बल्बाखालची आणि मधेच तुटलेली. प्रत्येक बदलानंतर सहाही उघडते आणि प्रत्येकीत तेच करते. स्लायडर धरून टोकापासून टोकापर्यंत नेते, उजवा बाण दहा वेळा पटापट दाबते, शेवटी नेऊन तीन फ्रेम मागं येते, 'हळू' दाबून लगेच स्पेस दाबते. तीन सेकंदांच्या फाइलीत सगळ्यात जास्त चुका सापडतात, कारण तिथं बाणाची ५ सेकंदांची उडी फाइलीहून मोठी असते. 'जा' मध्ये वेळ मर्यादेत बसवली नसेल तर तिथंच कळतं. उभ्या फोनच्या फाइलीत चित्र आडवं पडत नाही ना एवढं बघायचं. तुटलेल्या फाइलीत लक्ष्य सेकंदाभरात पुसलं जातं का ते बघायचं, आणि बघताना स्लायडर सोडून द्यायचा, धरलेला असेल तर वर्द्या त्याला लागतच नाहीत.